आजोबांची संग्रहणी, आत्याआजीचं ‘अंगावरून जाणं’ आणि एमएसएच२

ओटीवरची

धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना, शेवटी ‘आरोग्य’मध्ये टाकते आहे. ‘कुळ आणि मूळ’मध्येही चालला असता.

गेल्या श्रावणात माझ्या धाकट्या भावाचं, वय ४१, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्याआधी वर्षभर तो नुसता दमायचा. दोन जिने चढला की धाप. हिमोग्लोबिन ७.२. आधी लोहाच्या गोळ्या झाल्या, मग ‘मूळव्याध असेल’ म्हणून मलम झालं. मूळव्याध नव्हतीच. गाठ होती पार उजव्या बाजूला, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथल्या पिशवीत, सीकममध्ये. तिथलं रक्त इतकं थोडं थोडं झिरपतं की डोळ्यांना दिसतच नाही, फक्त माणूस पांढरा पडत जातो.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात एक ओळ होती: गाठीत एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिने आढळत नाहीत, जनुकीय सल्ला घ्यावा. आम्ही गेलो. तिथल्या बाईंनी कोरा कागद पुढ्यात ओढला आणि विचारलं, घरात आणखी कुणाला? भाऊ म्हणाला, आईला. आणि गप्प बसला. आम्हाला खरंच तेवढंच माहीत होतं. आई १९९६ साली गेली, ४९ व्या वर्षी.

घरी येऊन आईच्या माहेरचा कुलवृत्तांत काढला. बाबांच्या कपाटात पडून होता, कसर लागलेला. आणि धाकट्या मावशीला फोन केला. दोन्हींतून मिळून जे निघालं ते असं. मोठा मामा आईच्या आदल्या वर्षी गेला, ५२ व्या वर्षी, आतड्याच्या कॅन्सरनेच. लहानपणी आम्हाला ‘कावीळ उलटली’ म्हणून सांगितलं होतं. मावशीची गर्भपिशवी ४६ व्या वर्षी काढली होती, ती ‘गाठी होत्या’ म्हणून नव्हे, कॅन्सर होता म्हणून. तिने २२ वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, काकांना सोडून. आजोबा, म्हणजे आईचे वडील, १९६१ साली ‘संग्रहणीने’ गेले, ५४ वर्षांचे. आणि आजोबांची एक बहीण होती. कुलवृत्तांतात आजोबांना अर्धं पान आहे, शिक्षण, नोकरी, मुलगे, नातू. तिला अर्धी ओळ: सासरचं आडनाव, ‘बेळगाव’, ‘निवर्तली’. मावशीला एवढंच आठवतं की आत्या ४३ व्या वर्षी गेली, तिच्या अंगावरून लाल जायचं आणि शेवटी माजघरातल्या खाटेवरून उठली नाही.

भावाच्या रक्ताच्या तपासणीत एमएसएच२ मध्ये बिघाड निघाला. लिंच सिंड्रोम. माझंही रक्त दिलंय, रिपोर्टला तीन आठवडे.

दोन गोष्टी हव्या आहेत. एक, कुणी नीट समजावून सांगेल का हे नेमकं काय आहे. दोन, मामाच्या दोन मुली आहेत. कोकणातल्या जमिनीवरून १२ वर्षं बोलणं बंद आहे. त्यांना कसं सांगायचं?

घाटमाथा

वाईट वाटलं वाचून. पण एक बोलतो, राग नसावा. आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी कुठे होते हे जीन आणि सिंड्रोम? मैदा, पाकिटातलं खाणं, फ्रीजमधलं शिळंपाकं, याचे परिणाम आहेत सगळे. रात्री कोमट पाण्यातून त्रिफळा चूर्ण, एवढं केलं तरी आतडं स्वच्छ राहतं.

ओटीवरची

@घाटमाथा, राग नाही. पण आजोबा १९६१ साली गेले. त्यांच्या गावात बेकरी नव्हती, फ्रीज नव्हता आणि त्रिफळा मात्र घरीच कुटलेला असायचा.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा गाठी रोज बघतो. तुमच्या रिपोर्टातली ती ओळ कुठून आली ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवतात. त्या ठोकळ्यातून केसाहून बारीक काप काढून चार काचपट्ट्यांवर घेतात आणि चार प्रथिनांसाठी रंगवतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर नुसतं निळं. तुमच्या भावाच्या दोन पट्ट्यांवर कॅन्सरच्या पेशी निळ्या असणार, आणि त्यांच्या मधूनमधून विखुरलेल्या साध्या पांढऱ्या पेशी तपकिरी ठिपक्यांसारख्या. ते ठिपके आम्ही मुद्दाम शोधतो. ते दिसले म्हणजे रंग नीट चढलाय, प्रथिन फक्त गाठीतूनच गेलंय. दोन पट्ट्या एकदम निळ्या का, तर एमएसएच२ आणि एमएसएच६ जोडीने राहतात. एमएसएच२ गेलं की दुसऱ्याचाही टिकाव लागत नाही.

ही प्रथिनं करतात काय? पेशी दुभंगताना सगळा डीएनए पुन्हा लिहिला जातो. त्यात काही ठिकाणी एकच अक्षर ओळीने येतं. एक जागा तर अशी आहे की ‘ए’ हे अक्षर सव्वीस वेळा. जप करताना मणी कसा एखादा निसटतो किंवा दोनदा मोजला जातो, तसं तिथे होतं. ही चार प्रथिनं म्हणजे तो चुकलेला मणी पकडून परत ओढणारी माणसं. ती नसली की चुका तशाच पुढे जातात, आणि त्यातली एखादी पेशीला आवर घालणाऱ्या जनुकात झाली की गाठ सुरू.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, आईची एक, वडलांची एक. लिंचमध्ये एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. दुसरी चालू असते, म्हणून माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत. आतड्याच्या एखाद्या पेशीत ती दुसरीही गेली की संपलं. म्हणून वारशाने कॅन्सर येत नाही, त्याची अर्धी तयारी येते. ही बिघडलेली प्रत प्रत्येक अपत्याला जायची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी फरक नाही.

एमएसएच२ असेल तर जन्मभरात मोठ्या आतड्याचा कॅन्सर व्हायची शक्यता निम्म्याच्या आसपास धरतात, बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचीही जवळपास तेवढीच. शिवाय अंडाशय, मूत्रमार्ग, जठर, लहान आतडं. पीएमएस२ असेल तर धोका बराच कमी. त्यामुळे ‘लिंच आहे’ एवढ्यावर थांबू नये, कुठलं जनुक ते विचारावं.

आतड्याचे सगळे कॅन्सर घेतले तर लिंचमुळे होणारे शंभरात तीनेक. बाकी बहुतेक इतर कारणांनी. हे घाबरून गेलेल्या मूक वाचकांसाठी.

आप्पा_अ‍ॅनआर्बर

ओटीवरची, तुमच्या आत्याआजीची अर्धी ओळ वाचून राहवलं नाही.

मी राहतो त्या गावातली, अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरची गोष्ट. १८९५ साली इथल्या विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांची एक शिवणकाम करणारी बाई होती. ती एकदा त्यांना म्हणाली, मी लवकर मरणार, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनेच जातात. वॉर्थिनने तिचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही, तिच्या नातलगांची टिपणं काढायला घेतली. १९१३ साली त्याने ते घराणं ‘फॅमिली जी’ म्हणून छापलं. ती बाई तिच्या म्हणण्याप्रमाणेच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरने, तरुणपणी.

त्यानंतर अर्धं शतक कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मग नेब्रास्कातले हेन्री लिंच. हा माणूस डॉक्टर व्हायच्या आधी बॉक्सर होता. १९६६ साली त्याने अशीच दोन घराणी मांडली. लोक म्हणायचे, एकाच घरात राहतात, एकच अन्न खातात, त्यातून होत असेल. घाटमाथा, म्हणजे तुमचा मुद्दा जुनाच आहे! १९९३ साली एमएसएच२ सापडलं आणि २००० साली कळलं की त्या शिवणकामवाल्या बाईच्या घराण्यातला बिघाडही एमएसएच२ मध्येच होता. तुमचंच जनुक.

त्या घराण्याचे पुढे ९००हून अधिक वंशज मोजले गेले. मुलींकडचे, नातींकडचे, सगळे. आपल्या कुलवृत्तांतात ते निम्म्यावर आले असते.

गणिताचा_तास

आप्पांचं शेवटचं वाक्य +१. आपण गोत्र, कुलदैवत, उपनाम सगळं बापाकडून मोजतो. जनुक निम्मं आईकडून येतं आणि आडनाव बदलून निघून जातं. आमच्याकडे सात पिढ्यांचा वृक्ष भिंतीवर आहे, त्यात एकही बाई नाही. मुलगे बहुतेक झाडावर उगवले असावेत.

घाटमाथा विरुद्ध जनुक या भांडणाबद्दल: २००० साली स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडच्या ४४,७८८ जुळ्या जोड्यांवर अभ्यास झाला. एकसारखी जुळी आणि साधी जुळी यांची तुलना केली. आतड्याच्या कॅन्सरच्या बाबतीत माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण ३५ टक्के भाग वारशाचा निघाला. म्हणजे मोठा वाटा वारशाबाहेरचाच. दारू, लठ्ठपणा, लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस, चोथा कमी, हे सगळं खरं आहे. पण हा आकडा समाजाचा आहे. ज्याच्याकडे बिघडलेलं एमएसएच२ आहे त्याला ‘तुझे ३५ टक्के’ असं सांगता येत नाही.

शून्य_तक्रार

घुसखोरीबद्दल क्षमस्व. मी गंमत म्हणून थुंकीवरून करायचं घरगुती किट मागवलं होतं. रिपोर्टात आतड्याच्या कॅन्सरचा धोका ‘सरासरीच्या १.३ पट’ आलाय. घरात कुणालाच नाही. आठवडाभर झोप नाही. मलाही लिंच?

गणिताचा_तास

@शून्य_तक्रार, झोपा. हा वेगळा प्रकार आहे.

लिंच म्हणजे एक मोठा, दुर्मीळ बिघाड. तुमच्या किटने मोजले ते बारीक, सगळ्यांत पसरलेले फरक. पहिला २००७ साली सापडला, आठव्या गुणसूत्रावर. तो इतका सर्रास आहे की युरोपात निम्म्याहून जास्त लोकांकडे त्याची एक तरी प्रत निघते, आणि एका प्रतीने धोका वाढतो पाचवा हिस्सा वगैरे. मजा म्हणजे तो कुठल्याच जनुकात नाही, जनुकांच्या मधल्या माळरानावर आहे. जवळच्या एमवायसी नावाच्या जनुकाची चावी फिरवतो असं दिसतं. २०२३ साली लाखभर रुग्ण घेऊन केलेल्या कामात अशा २०५ खुणा निघाल्या. प्रत्येक चिमूटभर. त्या सगळ्या चिमट्यांची बेरीज म्हणजे तुमचे १.३.

आता मुख्य गोष्ट. त्या लाखभरातले तीन चतुर्थांश युरोपीय वंशाचे, उरलेले पूर्व आशियातले. आपल्यासारखे त्यात नाहीत. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा आहे, खांद्यात बसेल किंवा नाही बसणार. दुसरं, बरीचशी किटं ठरावीक जागाच वाचतात, एमएसएच२ अख्खं वाचत नाहीत. म्हणून उलटंही लक्षात ठेवा: घरात चार कॅन्सर आहेत आणि किट म्हणालं ‘काही नाही’, तर त्याला काही अर्थ नाही.

काचपट्टी

अनुमोदन. खऱ्या तपासणीतही एक गंमत आहे. भारतातल्या लोकांचे रिपोर्ट बऱ्याचदा ‘अर्थ अनिश्चित’ असे येतात, कारण तो फरक आपल्याकडे निरुपद्रवी आणि सर्रास आहे की घातक, हे ठरवायला पुरेशी माहितीच जमलेली नाही. तसा रिपोर्ट आला तर तो पॉझिटिव्ह समजून पिशवी काढायला धावू नये आणि निगेटिव्ह समजून फाडूही नये.

तिखटमिठाचा_सांजा

पहिल्यांदाच लिहिते आहे इथे. आमच्याकडे ह्यांना लिंच निघालं, एमएलएच१. मुलगी २४ ची, स्थळं बघतोय. सासूबाई म्हणतात लग्न होईपर्यंत तपासणी नको, निघालं तर मुलाकडच्यांना सांगायचं काय? मला दोन्ही बाजू पटतात, खोटं कशाला बोलू.

घाटमाथा

सासूबाईंचं चुकतंय असं नाही वाटत. एकदा कागदावर आलं की आलं. गाव छोटं असतं.

लीड्सची_सून

मला इथे कडक लिहावं लागेल. माझ्या नवऱ्याला लिंच आहे, लग्नानंतर कळलं. आधी कळलं असतं तर लग्न मोडलं असतं का? सासूबाई सांगतात मोडलं असतं, मी सांगते नसतं. पण तो २६ व्या वर्षी पहिली कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करून बसला असता, ३७ व्या वर्षी आतड्याचा हातभर तुकडा देऊन नव्हे.

इंग्लंडमध्ये २०१७ पासून आतड्याचा कॅन्सर झालेल्या प्रत्येकाच्या गाठीवर ही तपासणी करावी असं ठरलंय. एमएलएच१ किंवा एमएसएच२ असेल तर २५ व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी.

मुलीला विचारा हो. २४ वर्षांची आहे. निर्णय तिचा.

काचपट्टी

दर दोन वर्षांनी का, ते सांगतो. एरवी साध्या मोडातून, म्हणजे पॉलिपमधून, कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात. लिंचमध्ये तो प्रवास एक ते तीन वर्षांत होऊ शकतो. फिनलंडमध्ये २२ घराण्यांतल्या २५२ जणांना १५ वर्षं पाहिलं. नियमित तपासणी करणाऱ्यांत कॅन्सरचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी, आणि आतड्याच्या कॅन्सरने त्यांतलं कुणी गेलं नाही. मोड दिसला की तिथेच काढतात. राग मानू नका, पण स्थळ थांबू शकतं, मोड थांबत नाही.

बायकांनी पाळीशिवाय रक्त गेलं किंवा पाळी गेल्यावर डाग दिसला तर लगेच दाखवावं. ‘वयामुळे’ म्हणून सोडू नये.

कोरा_सातबारा

एक भाबडा प्रश्न. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न चालतं. माझ्या आईवडलांचं तसंच. त्याने फरक पडतो का?

काचपट्टी

भाबडा अजिबात नाही. लिंचला एकच बिघडलेली प्रत पुरते, त्यामुळे नात्यातलं लग्न असो-नसो, निम्म्याचा हिशोब तोच. पण एमयूटीवायएच नावाचं जनुक आहे. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर आतड्यात डझनांनी मोड येतात. तिथे आईवडील दोघेही निरोगी, दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत. नात्यात लग्न झालं की एकाच आजोबांची तीच प्रत दोन्ही बाजूंनी एकाच मुलात यायची शक्यता वाढते.

आणि लिंचच्याच घरात मामेभाऊ-आतेबहीण दोघांकडेही बिघाड असेल आणि मुलाला दोन्ही प्रती तशा मिळाल्या, तर लहानपणीच मेंदूचे, रक्ताचे, आतड्याचे कॅन्सर होतात. फार विरळा, पण फार वाईट. अशा घरात लग्न ठरवण्याआधी पत्रिकेपेक्षा हे बघावं.

घाटमाथा

गोळी-औषध काहीच नाही का मग यावर? की नुसती नळीच घालत बसायची?

लीड्सची_सून

आहे ना. ॲस्पिरिन. न्यूकॅसलच्या जॉन बर्न यांच्या गटाने लिंच असलेल्या ८६१ जणांवर चाचणी केली, निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम, निम्म्यांना नकली गोळी, दोन वर्षं किंवा अधिक. पुढे दहा वर्षं पाहिल्यावर आतड्याचा कॅन्सर झालेले: ॲस्पिरिनवाल्यांत ९ टक्के, दुसऱ्यांत १३. परिणाम दिसायला काही वर्षं जातात. पण जठरात रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

त्याच चाचणीत काहींना न पचणारा स्टार्च दिला होता, कच्च्या केळ्यात असतो तसला. आतड्याच्या कॅन्सरवर त्याचा काही उपयोग दिसला नाही, पण लिंचमधले इतर कॅन्सर, विशेषतः जठर वगैरे वरच्या भागातले, कमी दिसले. नवरा तेव्हापासून थंड झालेल्या भातालाही औषध मानतो आणि फोडणी देऊन दोन वेळा खातो. मी बोलत नाही.

काचपट्टी

आणि झालाच कॅन्सर, तरी लिंचच्या गाठींत एक कच्चा दुवा असतो. इतक्या चुका साठलेल्या असतात की शरीराच्या संरक्षक पेशींना त्या परक्या दिसतात. त्या पेशींचा लगाम सोडणारी औषधं इथे चांगली चालतात. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा प्रकारच्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या १२ रुग्णांत गाठ पूर्ण नाहीशी झाली, शस्त्रक्रिया न करता. आकडा लहान आहे आणि औषध भयंकर महाग आहे. पण गाठीवरची ती चार पट्ट्यांची तपासणी का मागून घ्यायची, त्याचं हे दुसरं कारण.

ओटीवरची

तीन आठवड्यांनी परत आले.

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. भावाचा बिघाड नेमका कुठे आहे ते माहीत असल्यामुळे तीच जागा तपासली, नाही. म्हणजे माझ्या मुलांनाही तो नाही. मला वाटलं होतं हलकं वाटेल. भावाला फोनवर सांगताना आवाज फुटेना. तो म्हणाला, “तायडे, तुला आईचं नाक मिळालं, मला हे. नाकाचं तरी ऑपरेशन करून घे.” मग दोघंही हसलो आणि मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

मावशी पॉझिटिव्ह, हे धरलंच होतं. तिच्या मुलाने रक्त दिलंय. बेळगावचं काही हाती लागलेलं नाही अजून. त्या आडनावाची १४ घरं निघाली, पाचांना पत्रं टाकली आहेत, साधी, पोस्टाने.

मामाच्या मोठ्या मुलीला परवा फोन केला. कुडाळला असते. तिने नाव ऐकलं आणि म्हणाली, “सातबाऱ्यासाठी केलास ना फोन?” मी म्हटलं, नाही, मामाच्या आजारासाठी केलाय. ती बराच वेळ बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, ती उठून गॅस बंद करून आली. मग म्हणाली, “बाबांना कावीळ नव्हती हे मला माहीत होतं.” मी सगळं सांगितलं, तुम्ही इथे लिहिलंय त्याच शब्दांत. तिने मध्ये एकच विचारलं, पाळी अनियमित असणं म्हणजे तेच का. शेवटी म्हणाली, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठव, आणि जमिनीचं काही बोलायचं नाही.

आप्पा_अ‍ॅनआर्बर

बेळगावच्या पत्रांचं कळवा. वाट बघतोय.

ओटीवरची

आत्ताच मामेबहिणीचा मेसेज आला. बिघाड आहे. कोलोनोस्कोपी येत्या गुरुवारी, गोव्याला, बहीण सोबत जाते आहे. ती विचारते, आदल्या दिवशी वरणभात चालतो का? आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

लीड्सची_सून

लोहाच्या गोळ्या आजच बंद करायला विचारून घ्या डॉक्टरांना, त्याने आतडं काळं दिसतं, आठवडाभर आधी थांबवतात. आदल्या दिवशीचं डॉक्टर सांगतील तसंच. नवऱ्याला दुपारपर्यंत मऊ भात आणि गाळलेलं वरण चालायचं, संध्याकाळपासून फक्त पाणी, शहाळं, गाळलेलं सरबत. पालेभाजी, तीळ, टोमॅटोच्या बिया दोन दिवस आधीपासून नको. पोट साफ करायच्या पावडरीचं पाणी गार करून प्यायला सांगा, गरम असलं की घशाखाली उतरत नाही.

ओटीवरची

वरणात कोथिंबीर?

लीड्सची_सून

नाही.